इंग्रजीत भाववाचक नामांच्या आधी 'अ' कधी लावायचा, कधी नाही

शाळेतला एक नियम बहुतेकांना पाठ असतो, ॲबस्ट्रॅक्ट नाउन म्हणजे भाववाचक नाम आलं की आर्टिकल लावायचं नाही, विषय संपला. आणि मग इंग्रजी वाचायला घेतलं की 'इट्स अ पिटी' दिसतं, 'अ गुड आयडिया' दिसतं, 'शी हॅज अ फिअर ऑफ हाइट्स' दिसतं. पिटी, आयडिया, फिअर ही सगळी भाववाचकच की, यातलं काहीच हातात धरून दाखवता येत नाही, तरी 'अ' बसलाय. मग माणसाचा नियमावरचा विश्वास उडतो आणि तो अंदाजपंचे 'अ' टाकत सुटतो. माझं स्पष्ट मत आहे की तो नियमच डोक्यातून काढून टाकावा. नाम भाववाचक आहे का वस्तूचं आहे याच्याशी 'अ'ला काही देणंघेणं नाही, त्याला एवढंच बघायचं असतं की ती गोष्ट या वाक्यात सुटी, एक म्हणून आली आहे का नुसती मोघम, सगळी मिळून आली आहे.

पुढे जायच्या आधी एक सूचना, इंग्रजी उदाहरणं सगळी देवनागरीतच लिहिली आहेत, त्यामुळे उदाहरणात सुटा 'अ' किंवा 'ॲन' दिसला की ते आर्टिकल समजायचं. देवनागरीत लिहिण्याचा एक फायदाही आहे, तो 'अ' का 'ॲन' ठरवताना कळेल.

मूळ काय आहे

हे आर्टिकल जुन्या इंग्रजीतल्या 'एक' या अर्थाच्या शब्दातून आलंय. आधी होता तो 'ॲन'च, पुढे व्यंजनाच्या आधी त्यातला 'न' गळला आणि 'अ' उरला. म्हणजे आपण 'अ' लावतो तेव्हा नकळत 'एक' म्हणत असतो, फक्त आकडा म्हणून जोर न देता. आता 'एक' कशाला म्हणता येतं, तर ज्याला सुरुवात-शेवट आहे, कडा आहेत, ज्याच्यासारखं दुसरं असू शकतं त्याला. निर्णय एक असतो, चूक एक असते, संधी एक असते, म्हणून 'अ डिसिजन', 'अ मिस्टेक', 'ॲन ऑपॉर्च्युनिटी'. धीराला कडा नाहीत, तो असतो किंवा नसतो, कमी असतो किंवा जास्त असतो, म्हणून 'पेशन्स' नुसतं.

इथपर्यंत सोपं वाटतं, पण आपल्या लोकांची गाडी अडते ती पुढच्या मुद्द्यावर.

मराठीतला 'एक' बघून ठरवू नका

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपण नकळत मराठी वाक्यात 'एक' बसतो का ते बघतो आणि त्यावरून इंग्रजीत 'अ' लावतो. मराठीत 'एक सल्ला देऊ का', 'एक बातमी आहे', 'एक काम होतं', 'एक पुरावा सापडला', 'एक माहिती हवी होती' असं सगळं बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत ॲडव्हाइस, न्यूज, वर्क, एव्हिडन्स, इन्फर्मेशन या पाचही शब्दांना या अर्थाने 'अ' चालत नाही. 'ॲन ॲडव्हाइस' ही आपल्याकडच्या लिखाणात सगळ्यात जास्त दिसणारी चूक असेल आणि तिचं कारण इंग्रजी कच्चं असणं नाही, मराठी पक्कं असणं आहे.

उलटंही होतं आणि ते जास्त फसवं, कारण तिथे आपल्याला काही खटकतच नाही. 'तुम्हाला भेटून आनंद झाला' यात 'एक' कुठेच नाही, पण इंग्रजीत 'इट वॉज अ प्लेझर टू मीट यू' असा 'अ' लागतोच. 'त्याला संगीताची आवड आहे' म्हणताना आपल्याला एक-दोन काही सुचत नाही, इंग्रजीत मात्र 'ही हॅज अ लव्ह ऑफ म्युझिक'. तसंच 'केवढा दिलासा मिळाला' आणि 'इट वॉज अ ग्रेट रिलीफ'. म्हणजे मोजायचं कसं ते प्रत्येक भाषा आपापलं ठरवते आणि त्यात लॉजिक शोधत बसलात तर दमाल.

पहिली पायरी: शब्द कुठल्या गटातला ते बघा

भाववाचक नामांचे मी चार गट करतो. व्याकरणाच्या पुस्तकात बऱ्याचदा दोनच सांगतात, काउंटेबल आणि अनकाउंटेबल, पण दोनावर भागत नाही.

पहिला गट बिनधास्त मोजता येणाऱ्यांचा. आयडिया, प्रॉब्लेम, क्वेश्चन, रीझन, प्लॅन, चान्स, मिस्टेक, सजेशन, प्रॉमिस, अटेम्प्ट, डिसिजन, ऑपॉर्च्युनिटी. यांचं अनेकवचन होतं, आकडा लागतो आणि एकवचनात हे शब्द आर्टिकलशिवाय किंवा 'माय', 'धिस', 'एनी', 'नो' असल्या एखाद्या शब्दाशिवाय उभेच राहत नाहीत. 'आय हॅव आयडिया' हे अपुरं वाटतं, 'आय हॅव ॲन आयडिया' पाहिजे.

दुसरा गट हट्टी लोकांचा. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, न्यूज, प्रोग्रेस, लक, फन, वेदर, होमवर्क, रिसर्च, एव्हिडन्स, परमिशन, हेल्थ, नॉन्सेन्स. यांना विशेषण लावा, काहीही करा, 'अ' घेत नाहीत. 'अ गुड ॲडव्हाइस' नाही, 'अ ग्रेट प्रोग्रेस' नाही, 'अ गुड वेदर' नाही, 'अ गुड लक' तर नाहीच. हा गट घोकावा लागतो, दुसरा इलाज नाही, पण रोजच्या वापरातले शब्द एका कागदावर मावतील एवढेच आहेत त्यामुळे घाबरायचं कारण नाही. एक गोष्ट सांगून ठेवतो, सायकॉलॉजीच्या लिखाणात 'अ बिहेव्हियर', 'बिहेव्हियर्स' दिसतं, ऑफिसच्या इंग्रजीत 'लर्निंग्ज' ऐकू येतं, ते बघून हट्टी गट सैल झाला असं समजू नका, ती त्या त्या वर्तुळातली भाषा आहे.

तिसरा गट दोन्हीकडे खेळणारा: एक्सपिरियन्स, टाइम, लाइफ, सक्सेस, फेल्युअर, फिअर, होप, ट्रुथ, सायलेन्स, काइंडनेस, प्लेझर. खरी मजा इथेच आहे आणि त्यावर खाली सविस्तर लिहितो.

चौथ्या गटाबद्दल कोणी सांगत नाही. हे शब्द 'अ' घेतात पण अनेकवचन होत नाही आणि 'वन', 'टू' असे आकडेही घेत नाहीत. 'अ गुड नॉलेज ऑफ केमिस्ट्री' चालतं, 'टू नॉलेजेस' कधीच नाही. 'शी हॅड अ गुड एज्युकेशन' चालतं पण तिने दोन एज्युकेशन्स घेतली असं कोणी म्हणत नाही. 'अ लव्ह ऑफ बुक्स', 'अ डीप डिसट्रस्ट ऑफ स्ट्रेंजर्स', 'अ हेट्रेड ऑफ लाइज' हे सगळे याच घरचे. म्हणून 'अनेकवचन होत नाही म्हणजे अ लागणार नाही' ही जी चाचणी शिकवतात ती अर्धीच खरी आहे. अनेकवचन होत असेल तर 'अ' लागेल हे पक्कं, होत नसेल तर अजून काहीच ठरलेलं नाही.

गट ओळखायचा कसा, तर डिक्शनरी बघून, पण साधी इंग्रजी-मराठी नाही, लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेली. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांच्याही ऑनलाइन फुकट मिळतात. त्यात नामाच्या प्रत्येक अर्थासमोर काउंटेबल, अनकाउंटेबल किंवा सिंग्युलर असं लिहिलेलं असतं, पूर्ण शब्दात नाहीतर 'सी', 'यू', 'एस' अशा अक्षरात. 'सी' असेल तर पहिला गट, नुसता 'यू' असेल तर 'अ' विसरा, आणि 'यू'च्या जोडीला 'सिंग्युलर' दिसलं की तो आपला चौथा गट. लक्षात ठेवा, शिक्का शब्दाला नसतो, अर्थाला असतो, म्हणून पहिलाच अर्थ बघून डिक्शनरी मिटू नका, आपल्याला पाहिजे तो अर्थ कितव्या नंबरवर आहे ते शोधा. ऑक्सफर्डच्या या डिक्शनरीची मूळ आवृत्ती 1942 साली जपानमध्ये निघाली होती, ए. एस. हॉर्नबी तिथे इंग्रजी शिकवायचे आणि जपानी भाषेतही आर्टिकल नाही, म्हणजे आपली जी अडचण तीच त्या विद्यार्थ्यांची.

शेपटावरून अंदाज बांधायची सवय काही जणांना असते. '-नेस'ने संपणारे शब्द बहुतेक अनकाउंटेबल, हॅपिनेस, सॅडनेस, अवेअरनेस वगैरे, पण इलनेस, वीकनेस मोजता येतात. '-शन'ने संपणाऱ्यांचा तर काही भरवसाच नाही, सजेशन मोजता येतं, इन्फर्मेशन नाही. त्यामुळे शेपूट बघून नुसता अंदाज करा, शिक्कामोर्तब डिक्शनरीत.

दुसरी पायरी: तोच शब्द, दोन अर्थ

तिसऱ्या गटातला शब्द आला की स्वतःला विचारायचं, मी ती गोष्ट सगळी मिळून म्हणतोय का तिचा एक प्रसंग, एक प्रकार किंवा ती ज्यात दिसते अशी एक वस्तू, व्यक्ती, घटना म्हणतोय?

'एक्सपिरियन्स' घ्या, कारण अर्ज करताना हाच शब्द सगळ्यांना नडतो. काम करून करून जे अंगात मुरतं तो अनुभव मोजता येत नाही, 'वी नीड समवन विथ एक्सपिरियन्स', 'डू यू हॅव एनी एक्सपिरियन्स'. पण एखादी घटना जी आपल्यावर गुदरली किंवा मजेत गेली ती एक घटना आहे, 'इट वॉज अ स्ट्रेंज एक्सपिरियन्स', आणि अशा चार घटना असतील तर 'एक्सपिरियन्सेस'. मराठीत दोन्हीला अनुभवच म्हणतात म्हणून गल्लत होते. पाच वर्षांचा अनुभव हा मुरलेला अनुभव, 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपिरियन्स', तिथे 'ॲन एक्सपिरियन्स ऑफ फाइव्ह इयर्स' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं पाच वर्षं चाललेली एकच घटना होती.

'सक्सेस' आणि 'फेल्युअर' यांचं वेगळं आहे. यश ही कल्पना म्हणून नुसतं 'सक्सेस', 'सक्सेस टेक्स टाइम'. पण एखादी गोष्ट यशस्वी झाली असं म्हणायचं तर ती गोष्टच 'अ सक्सेस' होते, 'द मीटिंग वॉज अ सक्सेस', 'द प्लॅन वॉज अ फेल्युअर'. हा साचा फार कामाचा आहे, कारण भावना दाखवणारे कितीतरी शब्द यात बसतात. जी गोष्ट ती भावना निर्माण करते तिलाच तो शब्द चिकटतो आणि 'अ' लागतो. दिलासा देणारी गोष्ट 'अ रिलीफ', निराशा करणारी 'अ डिसअपॉइंटमेंट', आनंद देणारी 'अ जॉय' किंवा 'अ प्लेझर', काळजी लावणारी 'अ वरी', आधार देणारी 'अ कम्फर्ट', मान वाटावा अशी 'ॲन ऑनर', मदत करणारा माणूससुद्धा 'अ ग्रेट हेल्प'. 'यू हॅव बीन अ ग्रेट हेल्प' हे वाक्य कानाला आधी विचित्र लागतं पण अगदी बरोबर आहे. म्हणजे 'इट वॉज' किंवा 'इट्स'च्या पुढे असा शब्द आला की 'अ' लावायची तयारी ठेवायची, फक्त हट्टी गट तेवढा सोडून, 'इट वॉज फन'.

'काइंडनेस' हा गुण, पण कोणी आपल्यासाठी केलेली एक चांगली गोष्ट म्हणजे 'अ काइंडनेस'. 'इनजस्टिस' म्हणजे अन्याय, अन्यायाचा एक प्रकार घडला तर 'ॲन इनजस्टिस'. 'ट्रुथ' म्हणजे सत्य, त्यातलं एखादं कडू सत्य 'अ हार्ड ट्रुथ'. 'सायलेन्स' म्हणजे शांतता, पण बोलता बोलता मधेच पडलेली शांतता, जी सुरू झाली आणि संपली, ती 'अ लाँग सायलेन्स'. इथे कडा अक्षरशः ऐकू येतात. 'लाइफ इज शॉर्ट' मध्ये सगळंच आयुष्य आहे आणि 'ही लिव्ह्ड अ हार्ड लाइफ' मध्ये एका माणसाचं एक आयुष्य. 'आय डोन्ट हॅव टाइम' आणि 'वी हॅड अ गुड टाइम' यातला फरक तर आपण न शिकताच पाळतो.

तिसरी पायरी: विशेषण आणि 'ऑफ' काय करतात ते बघा

मोघम गोष्टीला विशेषण लागलं की ती जरा आखली जाते, सगळ्यातली ती विशिष्ट छटा वेगळी काढली जाते, आणि मग चौथ्या गटातले शब्द 'अ' घ्यायला तयार होतात. नुसतं 'एज्युकेशन' मोघम, 'अ गुड एज्युकेशन' आखलेलं. 'अंडरस्टँडिंग'चं 'अ बेटर अंडरस्टँडिंग', 'अवेअरनेस'चं 'अ ग्रोइंग अवेअरनेस', 'कॉन्फिडन्स'चं 'अ क्वाएट कॉन्फिडन्स'. 'सर्टन' हा शब्द तर यात उस्ताद आहे, 'अ सर्टन चार्म', 'अ सर्टन सॅडनेस', थोडीशी, नेमकी सांगता न येणारी अशी छटा दाखवायची असली की हा साचा वापरायचा.

नामाच्या मागून 'ऑफ' येऊन कशाचं ते सांगितलं तरी तेच होतं. 'लव्ह इज ब्लाइंड' पण 'अ लव्ह ऑफ म्युझिक', 'फिअर' पण 'अ फिअर ऑफ फेल्युअर'. मागून 'दॅट' लावून अख्खं वाक्य जोडलं तरी, 'अ हॅपिनेस दॅट ही हॅड नेव्हर नोन'. हे शेवटचं जरा साहित्यिक वळणाचं आहे, ईमेलमध्ये वापराल तर वाचणारा दचकेल.

पण ही पायरी सरसकट लावू नका. विशेषण लावलं म्हणून हट्टी गट हलत नाही हे वर सांगितलंच, 'गुड हेल्थ' तसंच राहतं. आणि 'विथ'च्या पुढे भावना आली तर साधारणपणे विशेषण असूनही 'अ' येत नाही, 'विथ ग्रेट प्लेझर', 'विथ डीप रिग्रेट', 'विथ ग्रेट डिफिकल्टी'. तेच प्लेझर 'इट वॉज'च्या पुढे आलं की 'अ ग्रेट प्लेझर'. कारण पहिल्यात ते कसं केलं ते सांगतंय आणि दुसऱ्यात ती गोष्ट काय होती ते सांगतंय.

हट्टी शब्दांना मोजायचंच असेल तर

पाण्याला मोजता येत नाही पण ग्लासला येतं, तसं इथे भांडं पुढे करायचं. 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'अ पीस ऑफ इन्फर्मेशन', 'अ पीस ऑफ न्यूज', 'अ पीस ऑफ एव्हिडन्स', 'अ बिट ऑफ लक', 'अ स्ट्रोक ऑफ लक', 'अ स्पेल ऑफ गुड वेदर'. 'अ' इथे पीसचा आहे, ॲडव्हाइसचा नाही, म्हणून अनेकवचनही पीसचंच होतं, 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'. भावनांसाठी वेगळी भांडी आहेत, 'अ फीलिंग ऑफ रिलीफ', 'अ सेन्स ऑफ प्राइड', 'अ फिट ऑफ अँगर', 'ॲन ॲक्ट ऑफ करेज', 'अ मोमेंट ऑफ सायलेन्स'. बोलताना मात्र 'सम' सगळ्यात स्वस्त आणि मस्त, 'लेट मी गिव्ह यू सम ॲडव्हाइस', पीसबीस काही नको.

'अ लॉट ऑफ पेशन्स', 'अ ग्रेट डील ऑफ ट्रबल' यातही तसंच, 'अ' लॉटचा आणि डीलचा. 'लिटल'कडे जरा नीट लक्ष द्या कारण तिथे 'अ' गळला तर अर्थच उलटतो. 'देअर इज अ लिटल होप' म्हणजे थोडी का होईना आशा आहे, 'देअर इज लिटल होप' म्हणजे आशा जवळपास संपलीच. पेशंटच्या नातेवाइकाला मेसेज लिहिताना हा एक 'अ' राहिला तर काय होईल कल्पना करा.

'अ' कुणाचा आहे ते ओळखा

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात: 'ॲडव्हाइस'ला 'अ' लागत नाही म्हणता मग 'ॲन ॲडव्हाइस कॉलम' कसं? दोन नामं जोडून आली की हुकूम शेवटच्याचा चालतो. कॉलम मोजता येतो म्हणून 'ॲन'. तसंच 'अ हेल्थ प्रॉब्लेम', 'अ रिसर्च पेपर', 'अ न्यूज चॅनल', 'अ प्रोग्रेस रिपोर्ट', 'अ वेदर फोरकास्ट', 'अ फन आयडिया'. उलट दुसरा कुठलाही शब्द आधी आणि हट्टी शब्द शेवटी असेल तर 'अ' जातो, 'मार्केट रिसर्च', 'ट्रॅव्हल ॲडव्हाइस'. त्यामुळे नामांची माळ दिसली की सरळ शेवटच्या मण्याकडे बघायचं.

'व्हॉट' आणि 'सच'

उद्गार काढताना गट उघडे पडतात. 'व्हॉट अ पिटी', 'व्हॉट अ शेम', 'व्हॉट अ रिलीफ', पण 'व्हॉट फन', 'व्हॉट नॉन्सेन्स', 'व्हॉट बॅड लक'. 'सच'चंही अगदी तसंच, 'सच ॲन ऑनर' पण 'सच पेशन्स', 'सच करेज'. दोन्हीत 'अ' या शब्दांच्या मागून येतो हे तेवढं ध्यानात ठेवा, 'अ सच ऑनर' असं होत नाही.

जे घोकायचंच ते

क्रियापद आणि नाम यांच्या ठरलेल्या जोड्या असतात आणि तिथे विचार करण्यात अर्थ नाही. 'मेक अ डिसिजन', 'मेक ॲन एफर्ट', 'मेक अ डिफरन्स', 'टेक अ रिस्क' यात 'अ' आहे, 'मेक प्रोग्रेस', 'मेक सेन्स', 'पे अटेन्शन', 'टेक केअर', 'लूज होप', 'लूज पेशन्स', 'गेन एक्सपिरियन्स' यात नाही. 'टेक ॲन इंटरेस्ट इन' म्हणायचं पण 'टेक प्राइड इन', का ते विचारू नका. 'हॅव अ प्रॉब्लेम' पण 'हॅव ट्रबल', आणि काहीतरी करायला जड जातंय असं म्हणायचं तर 'हॅव डिफिकल्टी', 'अ' न लावता.

अव्ययांच्या जोड्याही अशाच. 'इन अ हरी', 'इन अ पॅनिक', 'इन अ गुड मूड', 'ॲट अ लॉस', 'ॲज अ रिझल्ट', 'फॉर अ चेंज', 'इन अ वे' एका बाजूला, आणि 'इन डेंजर', 'इन ट्रबल', 'इन लव्ह', 'इन पेन', 'बाय चान्स', 'बाय मिस्टेक', 'ऑन पर्पज', 'अंडर प्रेशर', 'आउट ऑफ क्युरिऑसिटी' दुसऱ्या बाजूला. चान्स आणि मिस्टेक हे पहिल्या गटातले पक्के काउंटेबल शब्द, तरी 'बाय'च्या पुढे 'अ' टाकून देतात. या जोड्या सुट्या शब्दांसारख्या न शिकता अख्ख्या शिकायच्या, 'बायमिस्टेक' हा जणू एकच शब्द आहे असं समजून.

ऐकून पाठ होतील म्हणाल तर ते कठीण आहे, कारण बोलताना हा 'अ' इतका हलका उच्चारतात की तो मागच्या शब्दात विरून जातो, 'इट्सअपिटी' असं काहीतरी ऐकू येतं. त्यासाठी वाचनच बरं, छापलेला 'अ' पळून जात नाही.

'अ' का 'ॲन'

इथे आपली देवनागरी कामाला येते. आर्टिकलच्या लगेच पुढचा शब्द देवनागरीत लिहा, पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'ऑनर' ऑ-ने सुरू होतं म्हणून 'ॲन ऑनर', स्पेलिंगमध्ये एच असला तरी. 'युनिक' य-ने सुरू होतं म्हणून 'अ युनिक ऑपॉर्च्युनिटी', स्पेलिंग यू-ने असलं तरी. 'वन-साइडेड' व-ने म्हणून 'अ वन-साइडेड व्ह्यू'. 'एमबीए' ए-ने म्हणून 'ॲन एमबीए'. स्पेलिंगच्या मागे लागणाऱ्यांना हे अपवाद म्हणून पाठ करावे लागतात, आपल्याला नाही. फक्त लगेच पुढचा शब्द हे विसरू नका, नाम नाही. 'ॲन आयडिया' पण 'अ गुड आयडिया', 'अ होप' पण 'ॲन अनरीझनेबल होप'.

एक पत्र दुरुस्त करून बघू

समजा कोणीतरी नोकरीच्या अर्जात असं लिहिलं: 'आय हॅव ॲन एक्सपिरियन्स ऑफ फाइव्ह इयर्स इन टीचिंग. आय हॅव गुड नॉलेज ऑफ इंग्लिश. माय लास्ट जॉब वॉज ग्रेट एक्सपिरियन्स. माय सीनियर गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस टू अप्लाय हिअर. आय विल डू अ हार्ड वर्क. इट विल बी ऑनर टू वर्क विथ यू. प्लीज गिव्ह मी चान्स.'

पहिल्या वाक्यातला अनुभव मुरलेला आहे, तेव्हा 'आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपिरियन्स इन टीचिंग'. दुसऱ्यात नॉलेजला विशेषणही आहे आणि मागून 'ऑफ'ही आहे, म्हणजे आखलं गेलंय, 'अ गुड नॉलेज ऑफ इंग्लिश'. 'अ' न लावता लिहिलेलंही बऱ्याच ठिकाणी दिसेल आणि कोणी फाशी देणार नाही, पण मी लावा म्हणेन. तिसऱ्यात आख्खी नोकरी ही एक घटना धरली आहे, 'अ ग्रेट एक्सपिरियन्स'. बघा, एकाच पत्रात एक्सपिरियन्स दोनदा आलं आणि जिथे 'अ' नको तिथे होता, हवा तिथे नव्हता.

चौथ्या आणि पाचव्या वाक्यात हट्टी शब्द आहेत. तिथे 'अ पीस ऑफ' घुसवण्यापेक्षा नामाचं क्रियापद करणं जास्त चांगलं, 'माय सीनियर ॲडव्हाइज्ड मी टू अप्लाय हिअर', 'आय विल वर्क हार्ड'. ही युक्ती सगळीकडे चालते, आर्टिकलबद्दल शंका आली आणि डिक्शनरी जवळ नसली की नामच काढून टाकायचं, 'मेड अ प्रोग्रेस' का 'मेड प्रोग्रेस' अशी कुचंबणा झाली तर 'इम्प्रूव्ह्ड' लिहा आणि पुढे चला. वाक्यही बहुतेक वेळा आटोपशीर होतं. सहावं वाक्य 'इट विल बी'च्या साच्यातलं, 'ॲन ऑनर', आणि शेवटचा चान्स पहिल्या गटातला, 'गिव्ह मी अ चान्स'.

स्वतःचं लिखाण तपासताना हेच करायचं पण एका वेळी एकच गोष्ट बघत. आधी फक्त भाववाचक नामं शोधून त्यांच्याखाली रेघ मारा, 'अ' आहे का नाही ते बघूच नका. मग एकेका रेघेपाशी थांबून ठरवा, ठरलेली जोडी आहे का, हट्टी आहे का, ही गोष्ट सगळी मिळून आहे का एक आहे, मागेपुढे विशेषण किंवा 'ऑफ' आहे का, आणि हे ठरल्यावरच तिथे आधी काय लिहिलं होतं ते बघा. उलट्या क्रमाने गेलात तर डोळ्याला स्वतःची चूकच बरोबर वाटते. 'अ' का 'ॲन' हे सगळ्यात शेवटी, कारण मधे एखादं विशेषण घातलंत किंवा काढलंत की ते पुन्हा बदलणार.